सहा सेंटिमीटरचं गाव

ईश्वरी भोये ही नऊ वर्षांची मुलगी कुठेही राहत नाही, असा निकाल यंत्राने दिला, तेव्हा ती त्याच यंत्रासमोर स्टुलावर बसून पाय हलवत होती.

करंजवहाळच्या आरोग्य केंद्रातली तिची ही तिसरी खेप. यंत्राचं सरकारी नाव ‘निवास-निश्चिती उपकरण’ असं भारदस्त होतं, पण ते डोक्यावरचा केस मागायचं म्हणून साऱ्या डोंगरपट्ट्यात त्याला न्हावीच म्हणत. न्हावी एक केस घ्यायचा, चार मिनिटं गुणगुणायचा आणि पडद्यावर माणसाचं गाव उमटवायचा. ईश्वरीच्या वेळी गावाच्या जागी उमटलं ते असं: ‘स्थिर निवास आढळला नाही. कुटुंबवैद्य नोंदणीस अपात्र.’

दराडे भाऊसाहेब हे केंद्रातले नोंदणी कारकून. कटिंग झाल्यावर मागून आरसा दाखवतात तसा त्यांनी पडदा दोन्ही हातांनी ईश्वरीच्या आईकडे, वनिताकडे फिरवला. वनिता म्हणाली, पोरगी ही काय समोर बसलीये.

“मला दिसते गं,” भाऊसाहेब म्हणाले. “त्याला दिसत नाही.”

वनिताला न्हाव्याचं कौतुक नको होतं, गोळी हवी होती. ईश्वरीला सिकलसेल होता. तुमच्या-आमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बशीसारख्या गोल असतात. हिच्या अंगात त्या मधूनच विळ्यासारख्या वाकत आणि बारीक रक्तवाहिन्यांत एकमेकींत अडकून बसत. मग पुढे रक्त जात नसे आणि हाडं आतून कुणी फोडावीत तशी दुखत. रोज एक गोळी घेतली की विळे कमी होतात. पण ती काही वाण्याकडे मिळत नाही. दर महिन्याला रक्त तपासून तिची मात्रा ठरवावी लागते, आणि ठरवणारा एक डॉक्टर लागतो, जो उद्या काही झालं तर जबाबदार धरता येईल. पूर्वी कुठल्याही सरकारी दवाखान्यातला कुठलाही डॉक्टर ती द्यायचा. चार वर्षांपूर्वी कुटुंबवैद्य योजना आली आणि प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा डॉक्टर मिळाला. ज्याची नोंद त्याला सगळं. ज्याची नोंद नाही त्याला फक्त तातडीची सेवा, तीही अठ्ठेचाळीस तास. योजना इतकी चांगली होती की तिच्याविरुद्ध बोलायला विरोधी पक्षालासुद्धा माणूस सापडला नाही.

आता, नोंद करायची तर माणूस कुठला ते ठरवायला हवं. सुरुवातीला कागद मागत. वीजबिल, भाडेकरार, असलं काहीबाही. ज्यांच्याकडे ते नव्हतं ते सगळे बाहेर राहिले, आणि त्यात वीटभट्टीवाले, बांधकामवाले, बागांतले मजूर असे नेमके तेच लोक निघाले जे आजारी पडतात. याचं एका भल्या संशोधक बाईंना फार वाईट वाटलं. या गोष्टीत जे काही वाईट झालं, ते सगळं भल्या माणसांना वाईट वाटल्यामुळेच झालं आहे.

बाईंचा शोध साधा होता. पाणी इथून तिथून सारखंच दिसतं, पण त्यातला ऑक्सिजन आणि हायड्रोजन कुठे किंचित जड असतो, कुठे किंचित हलका. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्री चढताना जड पाणी आधी टाकून देतो, घाटात दमलेला हमाल ओझं टाकतो तसा, आणि पलीकडे हलका होऊन बरसतो. उलट धरणात, कालव्यात उन्हाखाली पडून राहिलेल्या पाण्यातलं हलकं तेवढं वाफ होऊन उडतं, जड मागे उरतं. म्हणजे जड-हलक्याचा हिशेब प्रत्येक गावच्या पाण्याचा निराळा. ते पाणी पिणाऱ्याच्या केसात उतरतं, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा डोक्यावरचा केस ही माणसाने न लिहिता लिहिलेली रोजनिशी झाली. टोकाशी गेलं वर्ष, मुळाशी गेला पंधरवडा. गरिबाला कागद नको, बाई म्हणाल्या, त्याचं शरीर हाच त्याचा दाखला. टाळ्या झाल्या.

मग शहरातली एक अख्खी सोसायटी हिमालयाच्या पायथ्याशी राहत असल्याचं न्हाव्याने जाहीर केलं, कारण ती मंडळी तिकडचंच बाटलीबंद पाणी पीत होती. आठ दिवसांत दुरुस्ती निघाली. घर स्वतःच्या नावावर असेल त्यांना केस माफ. ज्यांना टक्कल, त्यांना नखांची सोय. उरले ते केस असलेले आणि घर नसलेले. वनिताचं घर होतं, पण वनजमिनीवर होतं, आणि त्या जमिनीचा दावा तिच्या आजेसासऱ्यापासून विचाराधीन होता.

नियम असा की मुळापासूनचे सहा सेंटिमीटर एकाच पाण्याचे हवेत.

वनिता आणि तिचा नवरा पुंडलिक सप्टेंबरअखेर टोळीबरोबर निफाडच्या बाजूला, देवळखेड्याच्या द्राक्षबागांत जात. छाटणी, विरळणी, मग काढणी, करता करता मार्चचा मध्य. एप्रिलात पुन्हा तीन आठवडे खरड छाटणीला. म्हणजे कालव्याचं पाणी सलग साडेपाच महिने आणि गावच्या झिऱ्याचं, खडकातून पाझरतं ते, पाच. दोन्हीकडे थोडं थोडं कमी. देवळखेड्याच्या न्हाव्यानेही पोरीला हेच सांगितलं होतं, फक्त तिथला पडदा जरा मोठा होता.

पोरीला मागे ठेवावं म्हटलं तर आश्रमशाळेने एक वर्ष ठेवून पाहिलं होतं. दोनदा दुखणं उठल्यावर मुख्याध्यापकांनी तिला चिठ्ठी देऊन परत पाठवलं. जबाबदारी घेता येत नाही, असं चिठ्ठीत सुवाच्य अक्षरात होतं. वनिताने मागे राहावं म्हटलं तर मुकादम जोडीच घेतो. जोडी फुटली की टोळीतली जागा गेली, आणि गेलेली जागा वर्षभर परत मिळत नाही.

त्या दिवशी दराडे भाऊसाहेबांनी खिडकी ओढून घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. भाऊसाहेब चांगला माणूस होता. त्यांनाही वाईट वाटत होतं.

“न्हाव्याला पाय दिसत नाहीत, पाणी दिसतं,” ते म्हणाले. “पोरगी तिकडे जाऊ दे. पाणी इथलं जाऊ दे.”

मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. एक मेपासून ती झिऱ्यावर आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत तेच पाणी पोटात गेलं की सहा महिने भरले. केस कातडीखालून वर यायला पंधरा दिवस धर. पंधरा नोव्हेंबरला पोरीला घेऊन ये, मी केस घेतो, गोळी सुरू. केस सगळ्यांचा सारखा वाढत नाही, थोडं मागेपुढे होतं, म्हणून तोवरही हेच पाणी पाज. नागलीचं पीठ आणि तांदूळ तुम्ही घरचेच नेता, म्हणजे जेवणाचा प्रश्न नाही. राहिलं पाणी. काय ते पन्नास दिवसांचं पाणी.

टोळी पंचवीस सप्टेंबरला निघाली. पिकअपमध्ये बावीस माणसं, शिवाय पोरं आणि भांडी. देवराम मुकादमाने वीस लिटरचे तीन कॅन चढवू दिले तेही पुष्कळ झालं. त्याचा भाचा दर सोमवारी टेम्पो घेऊन येणार होता, तो एकेक कॅन आणेल असं ठरलं. भाचा एका सोमवारी आला. दुसऱ्या सोमवारी त्याच्या टेम्पोला नाशिकची कायमची फेरी मिळाली, आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं.

वनिताने कॅन हलवून पाहिले. अडतीस लिटर पाणी, छत्तीस दिवस. स्टीलच्या पेल्याने मोजून दिवसाला पाच पेले बसत होते, भाकरीचं पीठ मळायचं पाणी त्यातच.

तिला कळत नव्हतं असं नाही. जुना डॉक्टर जाताना बजावून गेला होता की या पोरीला पाणी म्हणजे अर्धी गोळी आहे. अंगातलं पाणी आटलं की रक्त दाटतं आणि पेशी वाकतात. आणि ऑक्टोबरचं ऊन तर माणसाला उभ्या उभ्या वाळवतं. पण एका पारड्यात छत्तीस दिवसांची तहान आणि दुसऱ्यात कायमचा डॉक्टर असला की आईचा हात कुठे जाईल, हे सांगायला न्हावी नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तिने धरलं.

पुंडलिकला ते पाहवत नसे. एकदा दुपारी तो म्हणाला, पोरगी आहे का कोथिंबिरीची जुडी, शिंपडून पाणी देतेस ती.

“मंग गोळी तू आणून दे,” वनिता म्हणाली. त्यावर तो विरळणीची कात्री घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि दिवसभर तिकडेच काम करत राहिला.

ईश्वरीने मात्र हे फार मनावर घेतलं. लहान पोरांना नियम मोठ्यांपेक्षा लवकर पटतात. ती आपला पेला आपणच मोजून घ्यायची, घोट घोट पुरवायची, आणि रात्रीचा पाचवा पेला सकाळच्यासाठी अर्धा राखायची. दसऱ्यानंतर एकदा बागमालकाची बायको, बोरस्ते काकू, बागेत सगळ्यांना थंड पाणी घेऊन आल्या. ईश्वरीच्या ओठांची सालं निघालेली पाहून त्यांनी तांब्या आधी तिच्यापुढे धरला.

“आम्हाला तुमचं पाणी चालत नाही,” ईश्वरी नम्रपणे म्हणाली.

काकूंचा तांब्या तसाच राहिला. हे वाक्य त्यांच्या घरात सात पिढ्या माहीत होतं, पण ते आतून बाहेर जायचं. बाहेरून आत यायची ही पहिलीच वेळ. दोन दिवस त्या बागेत फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वनिताने जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि घरातल्या फिल्टरचं पाणी देऊ केलं. ते अगदी शुद्ध असतं गं, त्यात काहीसुद्धा नसतं, त्या म्हणाल्या. फिल्टर क्षार काढतो, जंतू काढतो. कालव्याचा जडपणा त्याला काढता येत नाही. वनिताने नको म्हटलं. आता काकूंनाही वाईट वाटायला लागलं.

नऊ नोव्हेंबरला, म्हणजे सहा दिवस उरले असताना, ईश्वरी दुपारी वेलीखाली बसली ती उठली नाही. डावी मांडी दुखतेय म्हणाली. वनिताने तेल चोळलं, त्या दिवसाचे उरलेले दोन पेले एकदम पाजले, मग उद्याच्यातला एक पाजला. दहा पावलांवर ठिबकच्या टाकीचा नळ होता. सहा दिवस, ती मनात म्हणाली. पोरीला असं पूर्वीही झालं होतं आणि निवलंही होतं.

सकाळी पोरीला श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली. तेव्हा वनिताने नळ सोडला, पण पाजलेलं पोटात टिकेना. काकूंच्या मुलाने गाडी काढली आणि त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने ऑक्सिजन लावला, सलाइन लावली आणि विचारलं, दिवसाला पाणी किती पिते ही. वनिताने सांगितलं, पाच पेले. त्याने पुंडलिककडे पाहिलं, मग पुन्हा वनिताकडे; तुमच्याकडे पाणी नाही का, असं त्याला विचारायचं होतं, पण खिडकीतून कालवा दिसत होता.

वनिता खाटेशी बसून सलाइनची बाटली बघत होती. बाटलीवर बारीक अक्षरात कारखान्याचा पत्ता होता, परराज्यातला. ती तो वाचायला लागली. हे पाणी पोरीच्या अंगात चाललंय, आता ते केसात उतरणार, न्हावी म्हणणार पोरगी तिकडची. इथवर मनात आलं आणि तिला स्वतःची अशी काही शिसारी आली की ती बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. पोरगी श्वासासाठी धडपडत होती आणि आई पत्ता वाचत होती.

अठ्ठेचाळीस तास भरले तसा बिलांच्या खिडकीतल्या माणसाने कुटुंबवैद्याचं नाव मागितलं. नाव नव्हतं. मग तिथल्या न्हाव्याने केस घेतला. पाच सेंटिमीटर आठ मिलिमीटर. दोन मिलिमीटर कमी पडले. खिडकीतला माणूस हळहळला. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही हो, तो म्हणाला, आणि घरी नेण्याच्या कागदावर शिक्का मारला.

पुंडलिक-वनिताने टोळीतली जागा सोडून पोरीला गावी आणलं. आठवडाभर ती झिऱ्याचं पाणी प्यायली आणि पडून राहिली. अठरा तारखेला पुंडलिकने तिला पाठुंगळी घेऊन आरोग्य केंद्रात नेलं. दराडे भाऊसाहेबांनी स्वतः उठून केस घेतला. सलाइनचं पाणी अजून कातडीखालीच होतं, न्हाव्याला ते दिसायला आठवडा अवकाश होता. चार मिनिटांनी पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: ‘ईश्वरी पुंडलिक भोये. स्थिर निवास: करंजवहाळ. पात्र.’ या वेळी भाऊसाहेबांनी पडदा फिरवला नाही. ते नुसतंच ‘झालं’ म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पोरीला डॉक्टर मिळाला. नाव डॉ. नेत्रा साबळे, वय तिशीच्या आत, आवाज मऊ. त्यांनी मांडीचा फोटो काढून पाहिला. डाव्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याला बरेच तास रक्त पोचलं नव्हतं. तेवढा भाग मेला होता. चालेल ती, पण लंगडत. पुढे मोठी झाल्यावर शस्त्रक्रियेचं पाहता येईल. गोळी आजपासून. नोंद एक वर्षाची, दर नोव्हेंबरात नव्याने सहा सेंटिमीटर. आणि मुख्य म्हणजे पाणी भरपूर पाजा, दिवसाला तीन लिटर तरी.

“कुठलं?” वनिताने विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या, कारण आधी त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांचं लक्ष दारात उभ्या असलेल्या दराडेंकडे गेलं, आणि नंतर सगळं कळायला वेळ लागला नाही. कुठलंही पाजा, त्या म्हणाल्या, मी खात्याला लिहिते. त्यांनी खरंच लिहिलं. तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं की सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

जानेवारीत वाढत्या कामामुळे मुकादमाने पुंडलिक-वनिताला परत घेतलं. महिन्यातून एकदा पुंडलिक पोरीला बसने गावी आणायचा. डॉक्टरीणबाई तिचं रक्त काढायच्या, महिन्याच्या गोळ्या तिच्या हातानेच मोजायला लावायच्या आणि स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावून तिचे ठोके तिलाच ऐकवायच्या. वर्षभरात दुखणं एकदाही उठलं नाही. ईश्वरी दहाची झाली, जरा भरली, लंगडत का होईना पळायला शिकली. मोठेपणी काय होणार असं कुणी विचारलं तर ती काहीच सांगत नसे. पण माझी डॉक्टर, असं मात्र दिवसातून दहादा म्हणायची, दुसऱ्या पोरी माझी मावशी म्हणतात तसं.

पुढच्या सप्टेंबरात पिकअप आली तेव्हा तिच्यात माणसांपेक्षा कॅन जास्त होते. युक्ती पाड्यापाड्यांत पोचली होती. कुणाच्या म्हाताऱ्याचा दमा, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले. जो तो गाव बरोबर घेऊन निघाला होता. झिऱ्यावर पहाटेपासून रांग लागत होती. अखेर मुकादमाने ठरवून टाकलं, घरटी एक कॅन, वर एक पेलाही नाही.

वनिताने आपला कॅन चढवलाच नाही. त्या गरोदर सुनेच्या सासूला तो देऊन टाकला. नोंद जाईल, पुंडलिक म्हणाला. जाईल तेव्हा जाईल, ती म्हणाली. आपल्याला गोळ्या नोव्हेंबरपर्यंत मिळतील आणि पाणी इथून तिथून सगळीकडे आहे. त्याने तिच्या हातातलं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतलं.

देवळखेड्यात पोचल्यावर पहिल्या दिवसापासून वनिताने पोरीपुढे कालव्याचं पाणी भरलेला पेला ठेवायला सुरुवात केली. सकाळी दोन, छाटणीच्या दर ओळीला एक. पेले रिकामे होत होते. तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळ संपवून वळताना तिला दिसलं की ईश्वरी बसते त्या वेलीचं बूड ओलं आहे. ठिबकची नळी त्या बाजूला नव्हती. तिने खाली बसून मातीला हात लावला. मग पोरीच्या ओठांकडे नीट पाहिलं.

वनिताने नळावरून पेला भरून आणला. पी म्हणाली. ईश्वरीने मान हलवली.

“हे प्यायले तर माझी डॉक्टर जाईल,” ती म्हणाली.

वनिताने तिला सांगून पाहिलं. पाय आठव, म्हणाली. छातीत कसं झालं होतं ते आठव. ईश्वरीला सगळं आठवत होतं, म्हणूनच तर ती पीत नव्हती. ते पुन्हा झालं तर आपल्याला कोण बघणार, एवढंच तिला विचारायचं होतं. टोळीतल्या बाया हात थांबवून बघू लागल्या. पुंडलिक धावत आला आणि चार पावलांवर उभा राहिला.

मग वनिताने डाव्या हाताने पोरीचं डोकं छातीशी घट्ट धरलं, अंगठ्याने हनुवटी दाबली आणि पेला ओठांना लावला. ईश्वरीने दात गच्च आवळले होते. पाणी तिच्या गालांवरून, गळ्यावरून, फ्रॉकवरून खाली वाहत राहिलं, आणि वनिता पुंडलिकला म्हणाली, दुसरा पेला भर.